इंदूरमध्ये जुन्या ट्रकच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा कसा बसवावा?

आधी बॅटरी बघा: १२ व्होल्ट की २४? दुकानात पंखा घेताना हेच आधी सांगा. १२ व्होल्टचा १६ इंची पंखा साधारण २०-२५ अँपिअर खेचतो, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ३० चा फ्यूज, ६ चौरस मिमीची वायर. अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला) तेवढी ताकद हवी, नाहीतर रात्री दिवे लावले की बॅटरी उतरते.

पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला, हवा ओढणारा लावा. पंख्याभोवतीचं आच्छादन रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारं हवं. त्याशिवाय हवा फक्त पात्यांसमोरूनच जाते आणि बाकीचा रेडिएटर तापलेलाच राहतो. जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा अजिबात बांधू नका. थरथरीने नळ्या घासून गळतात. लोखंडी पट्टी चौकटीला, मध्ये रबर.

थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशांचा असेल तर पंख्याचा तापमान-स्विच ९२ ला सुरू, ८७ ला बंद होणारा घ्या. अर्थिंगची वायर थेट चासीला, रंग खरवडून.

भरलेली गाडी भेरूघाट चढवणार असाल तर मात्र इंजिनवरचा मूळ पंखा काढू नका. तेवढी हवा एकटा इलेक्ट्रिक पंखा देत नाही.