आधी एवाय चिप कर, सिडच्या मागे नंतर लाग

हे बघ, अर्डुइनो उनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जुन्या कॉम्प्युटरच्या साउंड चिपची नक्कल करायचीय ना, तर पहिल्याच झटक्यात कमोडोर ६४ ची सिड चिप करायला जाऊ नकोस, तिच्यातला अ‍ॅनालॉग फिल्टर अर्डुइनो उनोवर नीट जमवणं फार कटकटीचं आहे. एवाय-३-८९१० घे, तीही जुनी साउंड चिपच, पण सोपी. तीन स्क्वेअर वेव्ह चॅनल, एक नॉइज, एक एन्व्हलप (आवाज आपोआप चढवणं-उतरवणं), बस्स.

टोनचं गणित सोपंय, चिपच्या क्लॉकला १६ गुणिले पिरियडने (टोनसाठी चिपला दिलेला आकडा) भागायचं, की सुराची फ्रिक्वेन्सी मिळते. खरी मेख व्हॉल्यूममधे आहे! त्याच्या १६ पायऱ्या समान अंतराच्या नाहीत, लॉगरिदमिक आहेत, पायरीमागे साधारण ३ डेसिबल, म्हणून टेबलच बनवून ठेव, मी सुरुवातीला सरळ गुणाकार केला होता तर सगळी गाणी चपटी वाजायची आणि मी चूक शोधत बसलो नॉइजच्या कोडमधे.

आणि हो, गाण्याचा डेटा. सेकंदाला ५० वेळा १४ रजिस्टर (चिपच्या सेटिंगचे एकेक बाइटचे कप्पे) म्हणजे ७०० बाइट झाले, उनोची ३२ केबी फ्लॅश मेमरी पाऊण मिनिटात भरते, तेव्हा फक्त बदललेली रजिस्टरच साठव.

पीडब्ल्यूएमची (पिन झटपट चालू-बंद करून आवाजाची पातळी बनवायची पद्धत) फ्रिक्वेन्सी डिफॉल्टवर ठेवू नकोस, ती ऐकू येते, टायमर सेट करून ६२.५ किलोहर्ट्झवर ने आणि पुढे रेझिस्टर-कपॅसिटरचा साधा फिल्टर लाव. पहिला चॅनल वाजला की सांग, एन्व्हलपचं मग बघू.