हिमोग्लोबिन 11.8 आलं, आता मैत्रिणीच्या वडिलांसाठी रक्त द्यायला जाऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या महिन्यात ऑफिसच्या शिबिरात तुमचं हिमोग्लोबिन 11.8 आलं म्हणून परत पाठवलं. आता मैत्रिणीच्या वडिलांची बायपास आहे आणि हॉस्पिटलच्या ब्लड बँकेने दोन डोनर आणायला सांगितलेत. वजन 48 किलो, आणि आई म्हणतेय, तुझ्याच अंगात रक्त नाही, तू काय देणार. रक्त दिल्यावर अशक्तपणा येतो का, हेही विचारलंत. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षांत 34 वेळा रक्त दिलंय, आणि त्यातलं बहुतेक हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत जाऊन. त्यावरून सांगते.

वजनाची काळजी सोडा. आपल्याकडे किमान 45 किलो लागतं आणि तेवढ्या वजनाच्या माणसाकडून 350 मिलीची पिशवी घेतात. 450 मिली घ्यायचं असेल तर वजन 55 च्या वर हवं. हिमोग्लोबिन मात्र 12.5 हवंच. तिथे 'थोडंसंच कमी आहे, घ्या ना' अशी गळ घालू नका, मी बायकांना घालताना पाहिलंय. त्यांनी परत पाठवलं ते तुमच्या भल्यासाठी. एका पिशवीबरोबर शरीरातलं साधारण दीडशे-दोनशे मिलिग्रॅम लोह जातं. पातळ भाग दीड-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाचा साठा भरायला त्याहून जास्त. दर महिन्याला पाळीत रक्त जातं त्या बाईचा साठा मुळातच बेताचा असतो. म्हणूनच पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर सांगितलंय आणि आपल्याला 120.

आई म्हणतेय त्यात म्हणूनच आजपुरतं तथ्य आहे. पण 11.8 हा काही कायमचा शिक्का नव्हे. माझं 2011 मध्ये 11.2 आलं होतं. डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय मी मोडली, भाजीवर लिंबू पिळायला लागले आणि आळिवाचे लाडू खाल्ले. चौथ्या महिन्यात 12.9. तुम्हाला सगळे बीट खा म्हणतील. खा, चांगलं असतं, पण ते लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढेल अशा भरवशावर राहू नका, त्यात लोह फारसं नसतं. गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. आधी कमी का आहे ते तपासून घ्या.

आता मैत्रिणीच्या वडिलांचं. ते जे मागताहेत त्याला आपण बदली रक्त म्हणतो: त्यांच्या साठ्यातून काढून पेशंटला द्यायचं आणि तेवढं नातेवाइकांनी भरायचं. त्यासाठी तुमचा आणि काकांचा रक्तगट जुळायची गरज नसते, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि बिचारे गट जुळणारा माणूस शोधत फिरतात. तेव्हा ऑफिसमधल्या कुठल्याही निरोगी माणसाला, कुठल्याही गटाच्या, घेऊन जा. तुम्ही सोबत गेलात तरी मैत्रिणीला पुष्कळ आधार होईल. खरं तर 2002 च्या राष्ट्रीय रक्तधोरणाचा सगळा भर ऐच्छिक रक्तदानावर आहे, नातेवाइकांना अशी धावपळ करावी लागू नये हीच अपेक्षा आहे. पण साठा आपण भरला नाही तर ती अपेक्षा कोण पुरी करणार?

हे मला 2004 मध्ये कळलं. बहिणीचं बाळंतपण झालं आणि रक्तस्राव थांबेना. रात्रीचे अकरा वाजले होते. मी ब्लड बँकेच्या खिडकीशी बाही वर करून उभी राहिले, माझं घ्या, आमचा गट एकच आहे. तिथला टेक्निशियन शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं आत्ता घेतलं तरी तिला आत्ता देता येणार नाही." घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया अशी तपासणी व्हावी लागते, तिला तास जातात. मग पेशंटच्या सॅम्पलशी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघणं. (गट एक असला म्हणजे झालं असं नाही. 1952 मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईत जो बॉम्बे रक्तगट शोधला, तो साध्या तपासणीत ओ सारखा दिसतो आणि ओ चं रक्त त्याला चालत नाही.) त्या रात्री बहिणीला चार पिशव्या लागल्या. त्या चारही आधीच फ्रीजमध्ये होत्या, कोणीतरी आठ-पंधरा दिवसांपूर्वी येऊन देऊन गेलं होतं. ती चार माणसं कोण, हे आम्हाला कधीच कळणार नाही. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे.

तेव्हापासून मी फोनची वाट बघत नाही. वर्षातून दोनदा, जमलं तर तीनदा, कॅलेंडरवर खूण करून जाते. एक फेरी मे महिन्यात ठेवते, कारण कॉलेजं बंद, लोक गावाला, शिबिरं जवळजवळ नाहीत आणि ऑपरेशनं तर चालूच असतात. दुसरी दिवाळीच्या आसपास. जयंत्यांना आणि वाढदिवसांना एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमतात तो उत्साह मला मनापासून आवडतो, पण तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे पेशंट वाढतात तेव्हा ब्लड बँकेला रोज थोडी थोडी माणसं लागतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते काही जयंती बघून लागत नाही.

प्रत्यक्ष तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती जाईल. फॉर्म, वजन, बीपी, बोटाला टोचून हिमोग्लोबिन. काही ठिकाणी अजून निळ्या द्रावणात थेंब टाकतात, तो बुडाला तर पास. मग डॉक्टर एकट्याला बसवून विचारतात: औषधं, कावीळ, टॅटू, खाजगी आयुष्य. इथे लपवू नका. लागण नुकतीच झाली असेल तर ती तपासणीतही सुटू शकते, तेव्हा तुमचा खरेपणा हीच पेशंटची पहिली तपासणी. मी एकदा लपवलंय. आषाढी एकादशीचा कडक उपास होता आणि मी "खाऊन आले" म्हणून सांगितलं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. सिस्टरने झोपवून पाय उंच केले, दहा मिनिटांत बरी झाले. पण त्या माउलीला माझ्यामुळे बाकीचे डोनर थांबवावे लागले, त्याची मला अजून खंत आहे. पोटभर नाश्ता करून जा, पाणी भरपूर प्या, आदली रात्र नीट झोपा. पाळी चालू असताना जाऊ नका. सुई जाताना कळते, पुढची सात-आठ मिनिटं हातातला बॉल दाबत पडून राहायचं. चहा-बिस्किटं घेऊन मगच निघा आणि त्या दिवशी त्या हाताने जड पिशव्या उचलू नका.

अशक्तपणाचं विचारलंत. मी दुसऱ्या दिवशी नेहमीची लोकल पकडते. हिमोग्लोबिन नीट असताना दिलं तर एखादा दिवस जरा दमल्यासारखं होतं, एवढंच.

तर या वेळी काकांसाठी दोन डोनर शोधून द्या आणि स्वतःच्या रक्ताच्या तपासणीला जा. 12.5 च्या वर गेलात की त्याच ब्लड बँकेला फोन करून वेळ विचारा, आईलाही सोबत न्या. पहिल्या वेळी धीर वाटत नसेल तर इथेच लिहा. पुण्यात असाल तर मी येईन, माझी मेची फेरी व्हायचीच आहे.