आगीच्या जागी हुकूम कोणाचा?

प्रश्न : गेल्या हंगामात आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, रुईच्या ढिगाला आग लागली. आधी आमच्या नगरपरिषदेचा बंब आला, मागाहून शेजारच्या गावांचे दोन बंब, पोलीस आणि महसूल अधिकारी आले. पहिल्या बंबावरच्या अधिकाऱ्याने मालकाचा विरोध डावलून ढीग जेसीबीने फोडायला लावला. त्याला हा अधिकार होता का? अग्निशमन दलात कोण कोणाच्या वर असतो?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : आग विझवण्यासाठी जे करणे भाग आहे ते ठरवण्याचा अधिकार जागेवर प्रमुख असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याचा असतो, आणि तुम्ही सांगता त्या प्रसंगात त्याचा निर्णय योग्यच होता. रुईची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. दाबून बसलेल्या कापसात पाणी वरच्यावर ओघळून जाते, त्यामुळे ढीग फोडून, पसरून, थर थर भिजवल्याशिवाय ती मरत नाही. मालकाला त्यात माल वाया जाताना दिसतो, हे समजण्यासारखे आहे. पण ढीग तसाच राहू दिला, तर काही तासांनी आग पुन्हा भडकून शेजारच्या गोदामापर्यंत जाऊ शकते.

दलाची उतरंड साधारण अशी असते : तळाला अग्निशामक, त्यावर अग्रणी अग्निशामक, मग उपस्थानक अधिकारी, स्थानक अधिकारी, त्यावर विभागीय अधिकारी आणि सर्वांत वर मुख्य अग्निशमन अधिकारी. जळगाव किंवा धुळे महानगरपालिकेत आणि लहान नगरपरिषदेत मात्र ही साखळी सारख्याच लांबीची नसते. लहान गावात बंबाबरोबर येणारा सर्वांत वरिष्ठ माणूस अग्रणी अग्निशामकही असू शकतो, आणि त्या क्षणी संपूर्ण जबाबदारी त्याच्यावर येते. प्रथम पोचणारा कमान हाती घेतो. वरिष्ठ आला की काय जळते आहे, कोण आत अडकले आहे, पाणी किती उरले आहे, कोणती माणसे कुठे लावली आहेत, हे सांगून ती त्याच्याकडे सोपवतो. दुसऱ्या गावांहून आलेल्या बंबांनीही परस्पर कामाला न लागता आधी त्याच्याकडे हजेरी द्यायची असते. दोन बाजूंनी एकाच वेळी पाण्याचे फवारे सुरू झाले, तर आतल्या माणसांच्या अंगावर धूर आणि वाफ लोटली जाते. म्हणून हा शिस्तीचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही : प्रशासकीय प्रमुख आणि आगीच्या जागचा प्रमुख हे वेगळे असतात. अग्निशमन सेवा ही राज्यघटनेच्या 12 व्या अनुसूचीनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची बाब आहे, म्हणून पगार, वाहने, भरती यांचा कारभार मुख्याधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तांकडे असतो. मुंबईतील महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाची अंमलबजावणी पाहते; तुमच्या गावच्या बंबाला तिथून रोजचा हुकूम येत नाही. पोलिसांनी गर्दी आवरावी, रस्ता मोकळा ठेवावा. महसूल यंत्रणेने टँकर, जेसीबी, रुग्णवाहिका मिळवून द्याव्यात. आपत्ती मोठी असेल, तर घटना प्रतिसाद प्रणालीनुसार, म्हणजे आपत्तीत कोणी कोणते काम पाहायचे हे ठरवून देणाऱ्या व्यवस्थेनुसार, जिल्हाधिकारी सर्व यंत्रणांचा समन्वय करतात. पण कोणती भिंत फोडायची आणि कोणाला आत पाठवायचे, हे तेव्हाही प्रशिक्षित अग्निशमन अधिकाऱ्यानेच ठरवायला हवे.

जिनिंगवाल्यांनी हंगामापूर्वीच एक काम करून ठेवावे. आग लागल्यास फाटकाशी उभा राहून अधिकाऱ्याला भेटेल असा एक जाणता माणूस प्रत्येक पाळीसाठी नेमावा. वीज कुठून तोडायची, हौद कुठे आहे, सरकी आणि गाठी कोणत्या बाजूला आहेत, पाळीवर किती मजूर होते आणि त्यांतले किती बाहेर आले, एवढे त्याला तोंडपाठ असले पाहिजे. बाकीच्यांनी अधिकाऱ्याभोवती गराडा घालू नये.