महिना बावीस हजार पगारात पुण्यात स्वतःचं घर होईल का?

होईल, पण सोडतीत नंबर लागला तर. पंतप्रधान आवास योजनेत महापालिकेने हडपसर, खराडी, वडगाव खुर्दला इमारती बांधल्या. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, बाकी आपले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेही पक्कं घर नको.

म्हाडाच्या सोडतीतली वीस टक्क्यांतली, म्हणजे खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पात कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखलेली घरंही बघा. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डरला ती द्यावीच लागतात. मात्र तिथल्या सोसायटीचा महिन्याचा मेंटेनन्स किती, ते आधी विचारा!

खरी अडचण कर्जाची. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा नंबर लागला, तर बँकेने सॅलरी स्लिप मागितली. पोळ्यांची कसली स्लिप? मग रोख पगार खात्यात भरून पासबुक दाखवलं, तेव्हा कुठे फाइल हलली. तुम्हीही आजपासूनच पगार खात्यात घ्या.