कायद्याचं बोला : बाबांना मृत्युपत्र बदलायचंय, प्रत फाडली की झालं का?

प्रश्न : बाबा ८१ वर्षांचे आहेत. २००८ साली त्यांनी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन मृत्युपत्र केलं, त्यात घर आणि बागायत मोठ्या दादाला ठेवलीय. आई २०१९ मध्ये गेली. दादा बेळगावला असतो, बाबांचं औषधपाणी, जेवणखाण सगळं मीच बघते आणि आता बाबाच म्हणतायत की घर तुला ठेवतो. पण जुन्या मृत्युपत्रात 'हे माझे शेवटचे मृत्युपत्र, यात पुढे बदल करणार नाही' असं लिहिलंय. धाकटा भाऊ म्हणतो, घरातली प्रत फाडून टाक, विषय संपला. हे बरोबर आहे का? (एक वाचक भगिनी, डिचोली)

उत्तर : ताई, ती प्रत फाडू नका, जपून ठेवा, उलट तीच कामाला येणार आहे. गोव्यात मृत्युपत्र नोटरीच्या, म्हणजे आपल्याकडे सब-रजिस्ट्रारच, त्यांच्या बुकात लिहिलं जातं. तुमच्या कपाटात आहे ती त्याची नक्कल. नक्कल फाडली, जाळली, पुरात वाहून गेली तरी बुकातलं मृत्युपत्र जसंच्या तसं उभं राहतं, आणि उद्या दादाने दुसरी नक्कल काढली की तुम्ही होतात तिथेच.

'पुढे बदल करणार नाही' या वाक्याची अजिबात काळजी करू नका. मृत्युपत्र बदलायचा हक्क माणसाला शेवटपर्यंत असतो आणि तो हक्क मी सोडला असं त्याने स्वतः लिहून दिलं तरी सुटत नाही. पूर्वीचा पोर्तुगीज सिव्हिल कोड हेच सांगायचा, आणि २०१६ च्या अखेरीस लागू झालेला आपला गोव्याचा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदाही हेच धरून चाललाय. मात्र हा हक्क फक्त बाबांचा. तुम्ही पॉवर ऑफ अॅटर्नी घेऊन त्यांच्या वतीने मृत्युपत्र करू शकत नाही, रद्दही करू शकत नाही.

मग करायचं काय, तर बाबांनी नोटरीसमोर साक्षीदारांच्या उपस्थितीत नवीन मृत्युपत्र करायचं, किंवा नुसतं रद्दच करायचं असेल तर रद्द केल्याचं डीड करायचं. नव्या मृत्युपत्रात जुन्याची तारीख आणि नोंदीचा तपशील घालून 'ते मी पूर्ण रद्द करतो' असं स्पष्ट लिहून घ्या, त्यासाठीच ती नक्कल जपा म्हटलं. हे वाक्य विसरलं तर नव्याच्या विरोधात जाईल तेवढाच जुन्याचा भाग पडतो. म्हणजे नव्यात फक्त घराबद्दल लिहिलं तर बागायत दादाकडेच राहील, आणि मग भावंडं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आणि पुढे कधी नवीनही रद्द केलं, तर जुनं आपोआप जिवंत होईल असं धरून चालू नका, तशी इच्छा असेल तर तसं लिहावं लागतं.

आता जरा कटू पण महत्त्वाचं, कारण खरा घोळ इथेच होतो. बाबा म्हणतात 'घर तुला', पण अख्खं घर त्यांचं आहे का? लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. आईचा अर्धा हिस्सा ती गेली त्या दिवशीच तुम्हा तिघा मुलांकडे आला (तिचं मृत्युपत्र नाही असं धरतोय). राहिला बाबांचा अर्धा, आणि त्यातलाही अर्धा कायद्याने मुलांसाठी राखीव असतो, त्याला हात लावता येत नाही. बाबा मनाप्रमाणे देऊ शकतात तो एकूण मालमत्तेचा चौथा भाग फक्त.

आकड्यात सांगतो. घर, बागायत मिळून १ कोटी धरा. आईचे ५० लाख तिघांत समान. बाबांच्या ५० पैकी २५ राखीव, तेही तिघांत समान. उरलेले २५ बाबांनी तुम्हाला दिले तर तुमच्या वाट्याला सगळं धरून ५० लाख येतात आणि दोन्ही भावांना २५-२५. म्हणजे अर्धं तुमचं, पण सगळं नाही. आणि याच हिशोबाने जुन्या मृत्युपत्रातून दादालाही अख्खं घर कधीच मिळणार नव्हतं, तुम्ही आणि धाकट्याने आपला राखीव हिस्सा मागितला असता तर त्याचं कमीच झालं असतं. दादाला वारसातून पूर्ण काढून टाकणं कायद्यात दिलेल्या ठराविक गंभीर कारणांशिवाय जमत नाही, 'बेळगावला राहतो, बघत नाही' एवढ्यावर तर नाहीच. कोणी सांगेल की मग आत्ताच गिफ्ट डीड करा, पण गिफ्टही या राखीव हिश्शाच्या हिशोबात धरली जाते, आणि मृत्युपत्रासारखी उद्या मन बदललं म्हणून मागेही घेता येत नाही. ८१ व्या वर्षी बाबांनी राहतं घर हातातून घालवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

नव्या मृत्युपत्राच्या वेळी तुम्ही किंवा तुमचे मिस्टर साक्षीदार राहू नका, खोलीतही थांबू नका. त्याच सुमाराचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या की बाबांना सगळं समजतं. त्यांना ऑफिसात नेणं जमत नसेल तर अधिकारी घरी येऊ शकतात का ते ऑफिसात विचारा. तुम्ही बाबांची सेवा केलीय, त्यावर 'दबाव टाकून लिहून घेतलं' असा डाग कोणी लावू नये म्हणून हे सांगतोय. आणि आईची इन्व्हेंटरी, म्हणजे तिच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, झाली नसेल तर ती आधी करा, नाहीतर बाबांचं नेमकं किती हेच ठरणार नाही.

प्रश्न : माझं माहेर सावंतवाडी. आईचं मृत्युपत्र रजिस्टर केलेलं आहे. त्यात दोन ओळी पेनाने खोडून बाजूला सही केली तर चालेल का? (वाचक, पेडणे)

उत्तर : गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो. आई कायमची तिथलीच असेल तर तिला भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. खोडलेल्या जागेजवळ आईची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर बदल चालतो, नुसत्या तिच्या सहीने नाही. पण खाडाखोड बघितली की कोणालाही संशय येतो, त्यापेक्षा दोन साक्षीदार घेऊन पुरवणी मृत्युपत्र, म्हणजे कोडिसिल करा. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. तिथे मूळ मृत्युपत्र रद्द करायच्या इराद्याने आईने स्वतः फाडलं किंवा तिच्यासमोर, तिच्या सांगण्यावरून कोणी फाडलं तर ते रद्द होऊ शकतं, पण तुम्ही परस्पर फाडलंत तर होत नाही. रजिस्टर झालेलं मृत्युपत्र नंतरच्या रजिस्टर न केलेल्यानेही बदलतं, तरी पुढचं भांडण टाळायला रजिस्टर केलेलं बरं. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो.

प्रश्न : आम्ही मूळचे मडगावचे, पुण्यात एक फ्लॅट आहे. त्याचं मृत्युपत्र महाराष्ट्राच्या नियमाने करून सगळा एकाच मुलाला देता येईल ना? (वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. गोव्याचाच अधिवास असलेल्या माणसाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तो निकाल पोर्तुगीज सिव्हिल कोडवर होता. त्यामुळे मुलांचा राखीव अर्धा हिस्सा काढताना पुण्याचा फ्लॅटही धरावा लागेल. आधीच तसं मृत्युपत्र केलं असेल तर ते घेऊन गोव्यातल्या वकिलाला दाखवा आणि तब्येत ठीक आहे तोवर नवीन करून घ्या.