एम्युलेटरमधली अँड्रॉइड ६ ची जुनी इमेज उडवली तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की अ‍ॅपचं मिनएसडीके (अ‍ॅप ज्या सर्वात जुन्या अँड्रॉइडवर चालेल त्याचा आकडा) अजून २३, म्हणजे अँड्रॉइड ६ आहे, पण लॅपटॉपची डिस्क भरत आलीय. तर एम्युलेटरमधली (संगणकावर चालणारा आभासी फोन) अँड्रॉइड ६ ची इमेज, म्हणजे त्या आवृत्तीची अख्खी प्रत, काढून फक्त नव्या आवृत्त्यांवर टेस्टिंग केलं तर चालेल का. माझं उत्तर: नाही. मिनएसडीके २३ लिहिलं म्हणजे अँड्रॉइड ६ वाल्याला आपण शब्द दिलाय. इमेज उडवायचीच असेल तर आधी तो आकडा वाढवा.

इतकं ठामपणे सांगतोय ते २०२४ मधल्या एका सकाळमुळे. आमचं अ‍ॅप दूध संकलन केंद्रांवर चालतं आणि तिथले बरेच टॅबलेट अँड्रॉइड ६ चे. सहा वाजता पहिला फोन आला: फॅट-एसएनएफ (दुधाच्या प्रतीचे आकडे) भरलं की नुसतं चक्र फिरतंय, पावती निघत नाही, बाहेर कॅन घेऊन लोक ताटकळलेत. आमच्या फोनवर सगळं सुरळीत. अँड्रॉइड १४ च्या एम्युलेटरवरही. तासभर आम्ही सर्व्हरच धुंडाळत बसलो. जुनी इमेज आम्हीही जागेसाठी काढून टाकली होती. ती परत उतरवून चालवल्यावर लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींच्या यादीत) लगेच ओळ दिसली: ‘ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड’. म्हणजे टॅबलेटला आमच्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर, त्याच्या ओळखपत्रावर, विश्वास ठेवता येत नव्हता.

आमचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं. त्यांचं ‘आयएसआरजी रूट एक्स१’ हे रूट, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकी सर्टिफिकेटं मानली जातात ते मूळ सर्टिफिकेट, अँड्रॉइड ७.१.१ पासूनच सिस्टिममध्ये आहे. त्याआधीची उपकरणं एका जुन्या, त्यांना माहीत असलेल्या रूटनं या नव्या रूटला दिलेल्या क्रॉस-सहीवर तगून होती. फेब्रुवारी २०२४ पासून ती सही नेहमीच्या साखळीतून वगळली गेली आणि आमचं सर्टिफिकेट रात्री आपोआप रिन्यू झालं तेव्हा ती गेली. हे कितीतरी आधी जाहीर झालेलं होतं. लक्ष ठेवायला हवं होतं ते आम्ही. कोणत्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा हे अ‍ॅपला सांगणारी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची एक्सएमएल फाइलही कामाची नव्हती, कारण ती सोय अँड्रॉइड ७.० पासूनची. शेवटी रूट सर्टिफिकेट अ‍ॅपमध्येच घालून ओकेएचटीटीपीला (सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी) हातानं दिलं.

जुन्या इमेजची खरी किंमत इथे आहे. तिच्यातलं सर्टिफिकेटचं भांडार त्या काळात होतं तसंच गोठलेलं असतं, म्हणून केंद्रावरच्या टॅबलेटची अडचण तुमच्या टेबलावर जशीच्या तशी दिसते.

पण याच गोठलेपणामुळे ती फसवतेसुद्धा. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) प्ले स्टोअरवरून अपडेट होतो. प्रत्यक्ष फोनवर तो बराच पुढे गेलेला असतो आणि प्ले स्टोअर नसलेल्या इमेजमध्ये मात्र मूळचाच राहतो. तेव्हा वेबव्ह्यूमधलं पान जुन्या एम्युलेटरवर मोडलं म्हणून लगेच कोड बदलू नका. आधी एखाद्या खऱ्या फोनवर बघा.

अँड्रॉइड ४.४ पर्यंत मागे जायचं असेल आणि मॅक एम१ किंवा पुढच्या चिपचा असेल, तर तो नाद सोडा. अँड्रॉइड ६४-बिट झालं ते ५.० पासून, आणि या चिप ३२-बिट एआरएम चालवतच नाहीत. जुना इंटेलचा संगणक किंवा सेकंडहँड फोन बरा.

राहिला डिस्कचा प्रश्न. इमेजला हात लावण्याआधी एव्हीडीच्या (एम्युलेटरमध्ये बनवलेल्या प्रत्येक आभासी फोनच्या) फोल्डरमधले स्नॅपशॉट, म्हणजे चालू स्थितीच्या साठवलेल्या प्रती, बघा, बरीच जागा तेच खातात. जुन्या एव्हीडींना क्विक बूटऐवजी (स्नॅपशॉटवरून सुरू होणं) कोल्ड बूट (दरवेळी पहिल्यापासून सुरू होणं) लावा आणि साठलेले स्नॅपशॉट पुसा. सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, पण २३ ची इमेज ठेवण्याइतकी जागा बहुतेक तेवढ्यानंच निघेल.