निळ्याच्या शेजारी काय आहे?

प्रिय मित्रा,

तुझं चित्र पाहिलं. खिडकीशी बसलेली मुलगी, निळी भिंत, निळा पडदा, चेहराही निळाच. आणि तू विचारतोस, एवढं निळं लावूनही ती एकटी का वाटत नाही, नुसती रात्र झाल्यासारखी का वाटते? अरे, सगळंच निळं केल्यावर ती वेगळी पडणार कुणापासून? एकटेपणा रंगात नसतो, तो शेजारच्या रंगामुळे येतो. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

पिकासोच्या निळ्या कालखंडाचा, म्हणजे तरुणपणी तो जवळजवळ सगळं निळ्यातच रंगवायचा त्या वर्षांचा, दाखला तू देतोस. मग त्याचा म्हातारा गिटारवादक नीट बघ. अंग, कपडे, मागची भिंत, सगळं निळसर. गिटार मात्र तपकिरी. ती गिटार अंगठ्याने झाकून बघ. नुसता गारठलेला म्हातारा उरतो. अंगठा काढलास की कळतं, त्या सबंध चित्रात ऊब फक्त त्या लाकडात आहे आणि ती त्याच्या अंगाला लागत नाही. दुःख तिथे आहे.

आणि निळाच हवा असं कुणी सांगितलं? अमेरिकन चित्रकार हॉपरच्या १९४२ सालच्या 'नाइटहॉक्स'मध्ये रात्री उघडं असलेलं एक उपाहारगृह आहे; त्याची आतली भिंत पिवळी आहे, बाईचा पोशाख लाल आहे. बाहेरच्या हिरवट काळोखामुळे तो उजेड परका होतो. व्हॅन गॉगने १८८८ साली रात्रीचा कॅफे रंगवला तो लाल भिंती आणि हिरव्या छताने. तिथे बसलेल्यांकडे बघवत नाही. शेजार बघ, शेजार!

आता कामाचं. जवळजवळच्या वस्तू एकमेकींना रंग देतात. नारंगी भिंतीपाशी बसलेल्या माणसाच्या गालावर थोडं नारंगी उतरतंच. ती देवाणघेवाण हातानेच तोड. भिंत उबदार ठेव आणि गालावर तिचा मागमूस ठेवू नकोस. खोलीत असून मुलगी खोलीची राहणार नाही. तिला हात लावू नकोस, आधी भिंत बदल.

माझी चित्रं मंद आहेत, जरा उठावदार रंग टाका, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं. मी टाकले नाहीत. माझे करडे आपापल्या शेजाऱ्यांमुळे बोलतात. घाईत बघणाऱ्याला ते ऐकू आले नाहीत, त्याला मी काय करू? चित्रं विकली गेली नाहीत याचं दुःख नाही. ज्यांना ती पटली असती त्यांतले काही ती बघायला राहिले नाहीत, याचं आहे.

तू मात्र नळीतल्या निळ्यावर विसंबू नकोस. एकच करडा कालव आणि नारंगी, हिरव्या, पांढऱ्या तुकड्यांवर लाव. नारंगीवर तो आपोआप निळसर दिसेल. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच हे लिहून ठेवलंय, पण तू त्याच्यावरही विश्वास ठेवू नकोस, लावून बघ. आणि त्यातला कुठला एकटा पडला, ते मला कळव.